निजलेल्या बेडकांचा चैत्र

घरामागची बोडी परवा आटली. बोडी म्हणजे आमच्याकडचं लहानसं तळं, धानाला पाणी द्यायला बांधलेलं. होळीपर्यंत तिच्यात गुडघाभर पाणी असतं, मग ते घोट्यावर येतं, मग नुसता चिखल उरतो आणि एका सकाळी त्या चिखलाला पहिली भेग पडते. मी दात घासता घासता ती भेग पाहिली आणि दिवसभर कुणाशी धड बोललो नाही. घरच्यांना आता याची सवय आहे. चैत्र आला की म्हाताऱ्याचं डोकं फिरतं, असं ते आल्यागेल्याला सांगतात.

लोक चैत्राचं कौतुक करतात. पळस काय, मोहाचा वास काय, नवी पालवी काय. करोत बापडे. मला या महिन्यात फक्त माती दिसते. वरून खडखडीत वाळलेली, आत हातभर खोल ओल धरून असलेली, आणि त्या ओलीत पाय पोटाशी घेऊन, डोळे मिटून बसलेला बेडूक. त्याला वर काय चाललंय ते ठाऊक नसतं. पाऊस पडेपर्यंत त्याला जगाशी देणंघेणं नसतं. मला त्याचा हेवा वाटतो.

आमच्या शेजारी एक तरुण शिक्षिका राहते. गडचिरोलीच्या शाळेत जीवशास्त्रच शिकवते. मी त्याच विषयाचा निवृत्त मास्तर, म्हणून कधीमधी येऊन बसते. परवा म्हणाली, “सर, आता बेडूक कापणं बंद झालंय. आम्ही सगळं पडद्यावर दाखवतो. तुमच्या वेळी किती क्रूर होतं नाही सगळं?”

मी म्हणालो, “हो बाई, फार क्रूर होतं.”

ती बेडकांबद्दल बोलत होती. मी तिचा गैरसमज तसाच राहू दिला.

ही छप्पन-सत्तावन सालची गोष्ट. चंद्रपूरला तेव्हा चांदा म्हणत. गडचिरोली, चामोर्शी, सिरोंचा, सगळा मुलूख त्या एकाच जिल्ह्यात होता, आणि त्याच वर्षी हा अख्खा जिल्हा मध्य प्रदेशातून उचलून मुंबई राज्यात ठेवला होता. ठेवला तरी त्याचं ऊन कमी झालं नव्हतं. मी नागपूरला बी.एस्सी. करून बी.टी.ला चांद्याला आलो होतो. बी.टी. म्हणजे मास्तरकीची पदवी. ती मिळाली की हायस्कुलात जीवशास्त्र शिकवता येणार, अंगात धुतलेला सदरा, हातात खडू, आणि पोरं उभी राहून नमस्ते म्हणणार. मला एवढंच हवं होतं. फार नव्हतं, पण आमच्या घरात तोवर कुणी मागितलं नव्हतं.

आम्ही ढिवर. वैनगंगेच्या काठी, चामोर्शीच्या अलीकडे आमचं गाव. बाप मासे धरायचा, त्याचा बाप मासे धरायचा. पोरगा हाताखाली आला की बापानं त्याच्यासाठी स्वतःच्या हातानं जाळं विणायचं, अशी आमच्या घरची रीत. माझं जाळंही विणून तयार होतं. घरात खुंटीवर टांगलेलं असायचं. मी नागपूरला शिकत होतो ती सगळी वर्षं ते तिथंच होतं, आणि बाप त्याला अधूनमधून ऊन द्यायचा.

बी.एस्सी. होऊन घरी आलो आणि म्हणालो, आणखी एक वर्ष चांद्याला शिकायचं आहे. बाप उठला, खुंटीवरचं जाळं काढलं, छपरीत येऊन बसला आणि काठाच्या शिशाच्या गोळ्या एकेक सोडवून गडव्यात टाकू लागला. टण्, टण्. गोळ्या संपल्यावर त्यानं जाळ्याच्या गाठी उसवायला घेतल्या. ज्या हातानं घातल्या त्याच हातानं. आई मध्ये काही म्हणायला गेली तर म्हणाला, “मास्तरले जाळ्याचं काय काम?”

मला लोकांनी पुढे आयुष्यभर मास्तर म्हटलं. पण तो शब्द पहिल्यांदा मी ऐकला तो असा, थुंकल्यासारखा. सूत गुंडाळून त्यानं कोनाड्यात ठेवलं. तेव्हाच मी समजून चुकलो की नापास झालो तर परत यायला आता जागा नाही.

माझ्या बापाबद्दल आणखी एक गोष्ट सांगतो. लहानपणी गावची पोरं उन्हाळ्यात आटलेल्या बोड्या उकरायची. चिखलात मरळ सापडायची, मांगूर सापडायचा, बेडूक सापडायचे. मी एकदा असाच एक मोठा पिवळा बेडूक काढून घरी आणला. खेळायला. बापानं आधी माझ्या थोबाडीत दिली आणि मग कारण सांगितलं. “निजलेल्याले धरनं ढिवराचं काम नाई. ते कोल्ह्याचं काम हाये. पान्यात आला त जाळं टाक. पळता आलं त पळन तो. पर निजलेल्याले नोको.” मग मला भर उन्हात परत बोडीवर नेलं, खड्डा करायला लावला, बेडूक ठेवायला लावला, वर माती लोटून तांब्याभर पाणी ओतायला लावलं. त्याच्या हातून रोज शेकडो मासे तडफडून मरायचे. त्यांचं त्याला काही नव्हतं. त्याचा न्याय एवढाच होता, आणि तो त्यानं कधी मोडला नाही. म्हणजे एकदाच मोडला.

आमचं ट्रेनिंग कॉलेज भाड्याच्या इमारतीत होतं. वर्गात पंखा नव्हता. शास्त्र कसं शिकवावं हे शिकवायला सबनीस सर होते. गोरे, नीटनेटके, आवाज असा मऊ की शिवी दिली तरी आशीर्वाद वाटावा. पहिल्याच दिवशी त्यांनी एकेकाला उभं करून वडिलांचा व्यवसाय विचारला. कुणाचा बाप वकिलाचा कारकून, कुणाचा पटवारी. माझ्या शेजारी बसणारा वासुदेव कोरपन्याकडचा, घरी कपाशीची मोठी शेती. माझी पाळी आली. मी म्हणालो, “मासे धरतात.”

सरांचा चेहरा उजळला. “वा! म्हणजे यंदा आपला बेडकांचा प्रश्न सुटला.”

वर्ग हसला. मीही हसलो, कारण नाहीतर काय करणार. पण सर थट्टा करत नव्हते. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावून गोणपाटाची पिशवी दिली.

त्या पिशवीनं माझं वर्ष खाल्लं. सराव पाठ सुरू झाले की रोज कुणाचा ना कुणाचा पाठ असायचा आणि जीवशास्त्राच्या प्रत्येक पाठाला जिवंत नमुना हवा, असा सरांचा दंडक होता. चित्र चालणार नाही, बाटलीतला मेलेला चालणार नाही. मग मी सकाळी झरपट नदीच्या काठानं फिरायचो आणि वर्ग भरायच्या वेळी ओली पिशवी घेऊन यायचो. पावसाळ्यात काही वाटायचं नाही, बेडूक पायाखाली यायचे. हिवाळ्यात जरा शोधावं लागायचं. सोबतचे टाचणं काढत बसलेले असायचे आणि मी चिखलातून वर यायचो. माझ्या सदऱ्याला वास यायचा. ज्या शाळेत आम्ही सराव पाठ घ्यायचो तिथली पोरं मला पिशवीसकट रोज पाहायची. त्यांनी माझं नाव बेंडूकवाला ठेवलं होतं. बाकीचे सगळे सर. वासुदेव सर, अमके सर, तमके सर, आणि हा बेंडूकवाला.

मी एकदा वासुदेवला म्हणालो, “पोरं मला सर म्हणत नाहीत.” तो माझा मित्र होता, माझ्याच ताटात जेवायचा. खो खो हसून म्हणाला, “अबे, बेडूक कितीबी फुगला तरी बैल व्हते का?” मित्रांच्या तोंडी म्हणी फार चटकन येतात.

फाल्गुन सरला आणि पाणी सरलं. झरपट सुकून तिच्यात डबकी उरली, आणि त्या डबक्यांवर महाकालीच्या जत्रेची माणसं येऊन पडली. तिकडे नांदेडकडून, मोगलाईतून माणसं यायची, गाड्याच्या गाड्या. आंघोळी, धुणी, गुरं, पोतराजांचे आसूड, डफ. अशा पाण्यात बेडूक कशाला राहतो? ते केव्हाच जमिनीत गेले होते. आणि नेमके त्याच दिवसांत आमचे अखेरचे पाठ. नागपूरहून परीक्षक येणार, प्रत्येकाचा एक पाठ पाहणार, आणि त्या एका पाठावर पदवी. आमच्या शास्त्राच्या बहुतेकांना विषय एकच मिळाला होता. बेडकाचं हृदय. बेडूक उघडून धडधडतं हृदय मुलांना दाखवायचं.

“सर, आता बेडूक मिळणार नाहीत,” मी म्हणालो. “जमिनीत आहेत.”

“मग जमिनीतून काढ,” सबनीस सर म्हणाले. “तुला कुठे असतात ते माहीत आहे.”

ते खरंच होतं. मला माहीत होतं.

बाबूपेठेच्या पलीकडे एक आटलेली बोडी होती. मी सब्बल, म्हणजे पहार, घेऊन गेलो. भेगांमधून हात घालून ओल कुठे लागते ते पाहायचं, तिथली ढेकळं उचकटायची, आणि मग बोटांनी उकरत जायचं. सब्बल लागली तर बेडूक फाटतो. बोटांना आधी थंड लागतं, मग मऊ, मग तो किंचित हलतो. डोळे उघडत नाही. जिवंत प्राण्याला एवढ्या विश्वासानं हातात आलेलं मी दुसरीकडे पाहिलं नाही. वरून डोकं तापत होतं, हात कोपरापर्यंत गार मातीत होते, आणि लांबून जत्रेचा डफ ऐकू येत होता. आजही मोहाचा वास आला की माझी बोटं थंड पडतात. डॉक्टर म्हणतात रक्ताभिसरण.

तिथं मला सावित्रीबाईनं पाहिलं. आमच्या गावची, सुक्या मासोळ्या विकायला जत्रेला आलेली. डोक्यावर टोपली घेऊन बांधावर उभी राहिली.

“काऊन रे शिवा, काय उकरून राह्यला?”

“बेंडकं, बाई. कॉलेजात पायजेत.”

“निजलेले?” तिनं टोपली खाली ठेवली. “आता गं बाई. तुया बापाले समजलं त?”

“सांगू नोको.”

“मी काऊन सांगू बाप्पा,” ती म्हणाली. म्हणजे सांगणार, हे मी ओळखलं. ती टोपली उचलून गेली आणि मी पुन्हा उकरायला लागलो.

सगळ्यांना पुरतील एवढे बेडूक मी काढले. प्रत्येकाला मडक्यात ओल्या मातीत ठेवून दिला, पाणी कसं शिंपडायचं ते सांगितलं. माझा माझ्याजवळ ठेवला. चांगला मोठा होता. माझा पाठ वासुदेवच्या नंतर, एकाच सकाळी, मधल्या सुट्टीच्या पुढे.

त्या सकाळी वासुदेवचा बेडूक मेला. त्यानं मडकं खिडकीत उन्हात ठेवलं होतं आणि स्वतः आरशापुढे भांग पाडत होता. घाबराघुबरा होऊन सरांकडे गेला. सर माझ्याकडे आले. तोच मऊ आवाज.

“शिवराम, तुझा याला दे. याचा पाठ आधी आहे.”

“आणि माझा पाठ, सर?”

“तुझं काय रे, तुम्हा लोकांच्या हाकेला बेडूक येतात.”

“सर, बोडी लांब आहे. जाऊन येईपर्यंत तास सुरू होईल. माझा पाठ उद्या ठेवता येईल का?”

“परीक्षक आज जाणार.” मग अगदी मायेनं म्हणाले, “नमुन्याशिवाय पाठ म्हणजे नापास, हे तुला मी सांगायला नको.”

मी बेडूक दिला. वासुदेवनं घेतला. त्यानं माझ्या डोळ्याला डोळा दिला नाही, एवढीच काय ती त्याची माणुसकी. त्याचा पाठ उत्तम झाला. मी मागच्या बाकावर बसून, निरीक्षक म्हणून, माझा बेडूक त्याच्या हातून कापला जाताना पाहिला. परीक्षक मान डोलवत होते. पोरं खूश होती.

सुट्टी संपली आणि मी वर्गात उभा राहिलो. नववीचा वर्ग. टेबलावर मेणाचा ट्रे, त्यावर पांढरं फडकं. फडक्याखाली काही नव्हतं. मागे परीक्षक, त्यांच्या शेजारी सबनीस सर, वासुदेव, बाकीचे. पोरांच्यात कुजबुज झाली, “बेंडूकवाला आला.” कुणीतरी खिदळलं.

त्या काळी पाठाला पायऱ्या असत. आधी प्रस्तावना. मुलांना माहीत असलेलं विचारत विचारत विषयाशी आणायचं. मग हेतुकथन, म्हणजे आज काय शिकणार ते सांगायचं. मग नमुना. माझी प्रस्तावना मी महिनाभर घोकली होती.

“पावसाळ्यात आपल्याला बेडूक कुठे दिसतात?”

“पाण्यात, शेतात.”

“आणि आता, चैत्रात, ते कुठे असतात?”

एक पोरगा उठला. “जमिनीत निजतेत जी.”

“शाब्बास. निजलेला असताना बेडकाच्या शरीरातलं कोणतं काम चालू राहतं?”

“काळजाचं,” एक मुलगी म्हणाली.

इतका सुंदर पाठ माझा पुढच्या सगळ्या नोकरीत झाला नसेल. “आज आपण बेडकाचं हृदय पाहणार आहोत,” मी म्हणालो, आणि माझा हात फडक्यापाशी जाऊन थांबला. सबनीस सर थोडे पुढे झुकले. त्यांच्या चेहऱ्यावर उत्सुकता होती. त्यांना माहीत होतं ट्रेमध्ये काय नाही ते. माझ्या डोळ्यांपुढे कोनाड्यातलं सूत आलं.

तेव्हा दार वाजलं.

दारात माझा बाप उभा होता. डोक्याला फडकं, गुडघ्यावर धोतर, हातात ओलं गोणपाट. कोपरापर्यंत काळी माती वाळून तडकलेली. सावित्रीबाईनं आपलं काम चोख केलं होतं. तो नदी ओलांडून, मूल गावापर्यंत पायी येऊन, जत्रेच्या मोटारीत उभ्यानं आला असणार. रागावून आला असणार, मला चार लोकांत जोड्यानं मारायलाच. मग मध्येच कुठे त्याचा विचार बदलला, कुठल्या बोडीत तो खाली बसला आणि त्यानं उकरायला सुरुवात केली, हे मला आजवर कळलेलं नाही. मी त्याच्या नखांतली माती पाहिली आणि समजलो की यानं कोल्ह्याचं काम केलं.

“कोण पाहिजे?” सबनीस सरांनी विचारलं.

बापानं पोरांकडे पाहिलं. फळ्याकडे पाहिलं. ट्रेवरच्या फडक्याकडे, माझ्या धुतलेल्या सदऱ्याकडे. आणि हात कपाळाला लावून म्हणाला, “बेंडूकवाला व्हय जी मी. मास्तरनं सांगतलं व्हतं आनाले.”

सगळी पोरं आता त्याच्याकडे पाहत होती. त्या क्षणापासून त्या शाळेत मला कुणी बेंडूकवाला म्हटलं नाही. ते नाव त्यानं दारातच स्वतःच्या अंगावर घेतलं होतं.

पण सबनीस सर कच्च्या गुरूचे चेले नव्हते. आमचं नाक एक, कान एक, उभं राहायची ढब एक. ते त्याच्याकडे बघत राहिले, मग माझ्याकडे, आणि गोड हसले. “काय हो, या मास्तरांना ओळखता वाटतं तुम्ही?”

“नाई जी,” माझा बाप म्हणाला. “आमी गरीब मानसं. मास्तर लोकाईले कसे ओळखू?”

“बरं बरं. मग आलाच आहात तर थांबा जरा. पाय धरा त्याचे. मुलांना नीट दिसेल.”

परीक्षक म्हणाले, “हो हो, चांगली कल्पना.”

मग माझा बाप टेबलापाशी आला. त्यानं गोणपाटातून बेडूक काढून ट्रेमध्ये ठेवला आणि आपल्या जाड, चिरलेल्या बोटांनी त्याचे पाय ताणून धरले. मी क्लोरोफॉर्मचा बोळा लावला. बोळ्याची तशी गरज नव्हती, तो निजलेलाच होता. मी कात्री उचलली. बापाची बोटं आणि माझी बोटं यांच्यामध्ये फक्त तो बेडूक होता. मी कातडी कापली, मग स्नायू, मग छातीचं हाड, आणि पोरं माना लांब करून पुढे आली.

हृदय चालत होतं. झोपेतल्या बेडकाचं हृदय फार हळू चालतं. एकदा आकसलं, मग बराच वेळ काही नाही. पोरांना वाटलं संपलं. मग पुन्हा एकदा. सगळा वर्ग श्वास रोखून त्या पुढच्या ठोक्याची वाट पाहत होता आणि मी सांगत होतो, वर दोन कप्पे, खाली एक, शुद्ध रक्त, अशुद्ध रक्त. माझा आवाज अजिबात कापला नाही. मला त्याचा अभिमान वाटतो की लाज, हे विचारू नका. मला तेव्हा पास व्हायचं होतं. माझ्यासमोर जो माणूस उभा होता त्यालाही मी पास व्हायला हवं होतं, किंवा मला कायमची अद्दल घडवायची होती. दोन्हींसाठी त्याला तेच करावं लागलं असतं.

मी एकदाच वर पाहिलं. तो बेडकाकडे पाहत नव्हता. तो माझ्या हातांकडे पाहत होता, जाळं टाकताना पाहायचा तसा. चूक होते का ते बघत.

“उत्तम,” परीक्षक म्हणाले. “नमुना ताजा होता.”

बापानं गोणपाट उचललं. “येतो जी, मास्तर,” म्हणाला आणि गेला. दृढीकरण आणि गृहपाठ बाकी होते. ते उरकून मी बाहेर धावलो.

तो झरपटीच्या डबक्यात हात धूत होता. आजूबाजूला जत्रेची माणसं आंघोळी करत होती, बाया ओल्या लुगड्यांनी देवळाकडे चालल्या होत्या. तो वाळू घेऊन कोपरापासून खाली घासत होता. घासून घासून कातडी लाल झाली होती.

“बा,” मी म्हणालो.

त्यानं मान वर केली नाही.

“बा, घरी चाल माझ्या खोलीवर. दोन घास खाऊन जाय.”

“तुमी जा जी मास्तर,” तो म्हणाला. “तुमचा तास असन.”

मला वाटलं राग आहे, उतरेल. मी पास झालो. निकाल घेऊन गावी गेलो. छपरीत तो सूत वळत बसला होता. मला पाहून उठून उभा राहिला. खाटेवरची वाकळ झटकली, “बसा जी मास्तर,” म्हणाला आणि स्वतः उंबऱ्यापाशी जमिनीवर बसला. आई हसली, तिला गंमत वाटली. मलाही पहिल्या दिवशी गंमतच वाटली. संध्याकाळी तो माझ्यानंतर जेवला.

मग ते कधीच थांबलं नाही. मला गडचिरोलीच्या हायस्कुलात नोकरी लागली, लग्न झालं, मुलं झाली. लग्नात वरबापाच्या जागी बसायचं सोडून तो पाणी वाढणाऱ्यांत उभा होता. माझ्या घरी आला तर मागच्या दारानं यायचा, हातात मासे असायचे, “घ्या जी मास्तर, ताजे हायेत.” शिवा हे नाव त्यानं पुन्हा तोंडातून काढलं नाही. मी रागावून पाहिलं, रडून पाहिलं, एकदा त्याचे खांदे धरून हलवलं. तो फक्त बाजूला सरला, मास्तरांना वाट द्यावी तसा. गावात लोक म्हणायचे, “पाह्य, शिकलेल्या पोराले बाप कसा मान देते!” माझ्या बायकोलाही तसंच वाटायचं. शाळेच्या एका समारंभात एका वक्त्यानं हे उदाहरण म्हणून सांगितलं आणि टाळ्या पडल्या.

मी पुष्कळ विचार केला आहे. कधी वाटतं, तो एकदा माझ्यासाठी खोटं बोलला आणि ते खोटं उघडं पडून माझी नोकरी जाईल या भीतीनं तो जन्मभर त्याला चिकटून राहिला. अडाणी माणूस, त्याला पदवी म्हणजे काय वाटत असेल कोण जाणे, उद्या कुणी येऊन परत नेईल असंही वाटलं असेल. हे लोकांना आवडतं. बापाचं काळीज वगैरे. पण मी त्या माणसाला ओळखतो. त्यानं माझं जाळं गाठ गाठ करून उसवलं होतं, घाई न करता. मला तर वाटतं, त्यानं त्या दिवशी वर्गात दुसरं जाळं उसवलं, आणि तेही पुरतं उसवेपर्यंत थांबला नाही. माझ्यासाठी त्यानं आपला एकुलता एक न्याय मोडला होता. त्याची वसुली तो एका शब्दानं करत राहिला.

तो गेला तो चैत्रातच. मी शाळेतून रजा घेऊन गावी गेलो होतो. दोन दिवस तो भ्रमात होता, कुणाला ओळखत नव्हता. माझ्या आईला तिच्या आईच्या नावानं हाका मारत होता, नावेला दोरी बांधा म्हणत होता. मला एक आशा होती. भ्रमात माणूस सोंग विसरतो. भ्रमात तरी तो शिवा म्हणेल, एखादी शिवी घालेल, थोबाडीत मारायला हात उचलेल. मी त्याच्या उशाशी बसून राहिलो. खिडकीतून बोडी दिसत होती, आटलेली, भेगाळलेली. कुठूनतरी मोहाचा वास येत होता.

सकाळी त्यानं डोळे उघडले. स्वच्छ होते. माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. त्यानं ओळखलं, याची मला खात्री आहे. मी पुढे वाकलो.

“मास्तर,” तो म्हणाला, “आनखी बेंडकं लागतीन का जी?”

“नको,” मी म्हणालो. “निजू दे त्यांना.”

त्यानं मान हलवली, भिंतीकडे तोंड केलं, पाय पोटाशी घेतले आणि निजला.